इको कॅन्सलर नक्की कुठे बसवायचा? टेलिफोनी सॉफ्टवेअरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

व्हीओआयपीच्या (इंटरनेटवरून फोन कॉल) टीममध्ये नवीन आलात की थोड्याच दिवसांत एक तक्रार तुमच्या टेबलावर येणार म्हणजे येणारच, "कस्टमरला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय." मग त्यावर मीटिंग होते आणि कोणीतरी म्हणतं की सगळे कॉल आपल्या सर्व्हरमधूनच जातात ना, मग तिथेच एक इको कॅन्सलर (परत येणारा आवाज काढून टाकणारा कोड किंवा चिप) टाकून देऊ, एकदा लिहिला की सगळ्यांना लागू. ऐकायला पटतं, डिझाईनच्या चित्रातही छान दिसतं, पण ते चालत नाही. का चालत नाही हे एकदा नीट समजलं ना, की पुढच्या निम्म्या तक्रारी तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या सोडवाल.

उत्तर आधीच देऊन टाकतो. इको जिथे तयार होतो तिथून जितकं जवळ जाता येईल तितक्या जवळ कॅन्सलर हवा. तांब्याची लाईन असेल तर ती जिथे जोडली त्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये किंवा गेटवेत (फोनलाईन आणि आयपी नेटवर्क जोडणारा डबा), स्पीकर आणि माईक असेल तर त्या मशीनच्या ऑडिओ लेयरमध्ये. मधल्या सर्व्हरने त्याला फक्त चालू हो, बंद हो एवढं सांगायचं. आता हे असंच का, आणि प्रत्यक्षात करायचं कसं, ते क्रमाने बघू.

आधी हे हाताशी ठेवा

कागदपत्रं:
- कॉलच्या संपूर्ण वाटेचा आराखडा, हाताने काढलेला चालेल. बोलणाऱ्याच्या माईकपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत मधे काय काय आहे ते सगळं.
- त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) कोणता, सॅम्पल रेट किती, बफर किती मिलिसेकंदांचा.
- लाईनचं कार्ड किंवा गेटवे कोणत्या मॉडेलचा, आणि त्यात हार्डवेअर इको कॅन्सलर आहे का.
- आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.१६८ (इको कॅन्सलरबद्दल) आणि जी.१३१ (बोलणाऱ्याला येणाऱ्या इकोबद्दल) ही दोन डॉक्युमेंट. आयटीयूच्या साईटवर फुकट मिळतात. जी.१६८ पूर्ण वाचायची गरज नाही, सुरुवातीच्या व्याख्या आणि चाचण्यांची यादी वाचली तरी भाषा कळायला लागते.

टूल्स: वायरशार्क (नेटवर्कची पॅकेट बघायला), ऑडॅसिटी (आवाजाची लाट बघायला), एक वायरवाला हेडसेट (ब्लूटूथ नको, तो स्वतःचा उशीर आणि स्वतःची प्रोसेसिंग घेऊन येतो), एक साधा अ‍ॅनालॉग फोन, आणि अस्टेरिस्क या ओपन सोर्स टेलिफोन सर्व्हरवर काम करत असाल तर डाडी या त्याच्या लाईन-कार्ड ड्रायव्हरचं डाडी मॉनिटर. या शेवटच्या टूलने एखाद्या चॅनेलचा येणारा आणि जाणारा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करता येतो, शिवाय इको काढायच्या आधीचा वेगळा आणि नंतरचा वेगळा. हे फार मोलाचं आहे, याच्याशिवाय नुसते अंदाज मारत बसाल.

१. इको कोणाला ऐकू येतोय ते आधी विचारा

इको ज्याला ऐकू येतो त्याच्या बाजूला जवळपास कधीच बिघाड नसतो. माझा आवाज तुमच्यापर्यंत जातो, तुमच्या बाजूला कुठेतरी परत फिरतो आणि माझ्या कानात येतो, म्हणजे तक्रार माझी आणि दोष तुमच्या टोकाला. नवीन माणूस तक्रार करणाऱ्याचाच फोन बदलून बघतो, त्याच्याच लॅपटॉपची सेटिंग उघडतो, आणि दिवस वाया जातो.

इकोचे प्रकार मुख्य दोन. पहिला हायब्रिड इको. घरी येणारी लँडलाईन दोन तारांची असते आणि त्या दोनच तारांवर जाणारा नि येणारा आवाज एकत्र चालतो. एक्स्चेंजमध्ये किंवा तुमच्या कार्डात हे दोन आवाज वेगळे करणारं जे सर्किट असतं त्याला हायब्रिड म्हणतात. लाईनचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) आणि सर्किटचा इम्पीडन्स तंतोतंत जुळला तर काही परत येणार नाही, पण तो कधीच तंतोतंत जुळत नाही, प्रत्येक लाईनची लांबी वेगळी, जोड वेगळे, पावसाळ्यात तर अजूनच वेगळं, म्हणून थोडा आवाज परत फिरतो. दुसरा अकूस्टिक इको, म्हणजे स्पीकरमधून आलेला आवाज खोलीतून फिरून माईकमध्ये जातो.

आणि तिसरा म्हणजे खोटा इको, तो सॉफ्टवेअरचा बग असतो. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

ओळखायचं असं. समोरच्याला त्याच्या सॉफ्टफोनवर (कॉम्प्युटरवरचं फोनचं अ‍ॅप) म्यूट दाबायला सांगा आणि तुम्ही बोला. इको गेला तर तो समोरच्याच्या माईकमधून येत होता. नाही गेला तर माईकचा संबंध नाही, मधे कुठेतरी दोन तारांची लाईन आहे किंवा कुठेतरी लूप आहे. समोरचा साध्या लँडलाईनवर असेल तर ही टेस्ट तितकीशी उपयोगाची नाही, कारण फोनचं म्यूट दाबलं तरी हायब्रिड जागच्या जागीच असतो. तेव्हा इको म्यूटनंतरही राहिला तर हायब्रिडवर संशय घ्या.

२. उशीर मोजा, कारण इको आधीपासूनच होता

लोक म्हणतात "जुन्या पीबीएक्सवर (ऑफिसमधलं छोटं एक्स्चेंज) इको नव्हता, तुमचं आयपी आल्यापासून सुरू झाला." हायब्रिड आधीही तोच होता आणि आवाज तेव्हाही परत येत होता. फक्त तो इतक्या लवकर यायचा की बोलताना आपलाच आवाज रिसीव्हरमध्ये थोडासा ऐकू येतो ना, साईडटोन, त्यातच मिसळून जायचा. जी.१३१ प्रमाणे एका बाजूचा उशीर साधारण २५ मिलिसेकंदांच्या वर गेला की इकोवर उपाय करावाच लागतो. आता आयपीचा हिशोब करा: २० मिलिसेकंदांचं पॅकेट भरायचं, मग नेटवर्क, मग समोरचा जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेट थोडी थांबवून सरळ लावणारा) अजून ४० ते ६० मिलिसेकंद. २५ ची रेषा नेटवर्कचा उशीर न धरताच ओलांडली जाते.

ही अडचण आपल्या पिढीची नाहीच मुळी. १९६० च्या दशकात सॅटेलाईटवरून कॉल सुरू झाले, जिओस्टेशनरी सॅटेलाईट जवळपास ३६,००० किलोमीटर वर, त्यामुळे स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा परत यायचा आणि माणसं बोलूच शकायची नाहीत. त्याआधी इको सप्रेसर असायचे, म्हणजे एक बोलला की दुसऱ्याची वाट कापायची, पण एवढ्या उशिरात त्यांनी संभाषण तुटक व्हायला लागलं. तेव्हा बेल लॅब्समध्ये अ‍ॅडाप्टिव्ह कॅन्सलरवर काम झालं, आणि त्यातलं एक मुख्य नाव मनमोहन सोंढी, बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये शिकलेला माणूस. १९६७ साली त्यांचा पेपर बेल सिस्टम टेक्निकल जर्नलमध्ये आला. आज आपण वापरतो त्याचा पाया तोच आहे. टेलिफोनीत काम करणाऱ्या प्रत्येक भारतीय पोरापोरीला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

३. कॅन्सलरला काय काय लागतं ते समजून घ्या (ही पायरी सोडू नका)

जागा कुठली हे इथेच ठरतं, म्हणून इथे वेळ घालवा.

कॅन्सलर आतून करतो काय? समोर जाणारा आवाज त्याच्याकडे येतो, त्याला रेफरन्स म्हणू. तो एका फिल्टरमधून जातो, फिल्टर अंदाज बांधतो की हा आवाज परत कसा येईल, किती उशिराने नि किती हळू, आणि परत आलेल्या आवाजातून तो अंदाज वजा करतो. जे उरतं त्याला चूक समजून फिल्टर स्वतःला सुधारतो, पुन्हा वजा करतो, सेकंदाला हजारो वेळा. बहुतेक ठिकाणी एनएलएमएस नावाची पद्धत किंवा तिचीच भावंडं असतात. यावरून कॅन्सलरच्या चार मागण्या निघतात:

- रेफरन्स म्हणून त्याला जे सॅम्पल दिले तेच, अगदी तेच, हायब्रिडकडे किंवा स्पीकरकडे गेले पाहिजेत.
- जाण्या-येण्याची वाट लिनियर असली पाहिजे. आवाज कमी झाला, लांबला, उशिरा आला तर चालेल, पण कापला गेला किंवा वेगळ्या पद्धतीने पुन्हा बनवला गेला तर फिल्टरला तो ओळखू येत नाही.
- उशीर स्थिर पाहिजे, आणि फिल्टरच्या लांबीत, म्हणजे टेलमध्ये, बसणारा पाहिजे.
- दोन्ही बाजूंचं घड्याळ, म्हणजे सॅम्पल घेण्याचा ठेका, एकच पाहिजे.

आता या चार मागण्या घेऊन तुमच्या आराखड्यावरच्या प्रत्येक डब्यापाशी जा. मधल्या सर्व्हरवर उभे राहिलात तर काय दिसतं? तुम्ही समोर आरटीपी पॅकेट, म्हणजे आवाजाचे तुकडे, पाठवता. त्यातलं एखादं हरवतं, गेटवे त्या जागी अंदाजाने आवाज भरतो, म्हणजे तुमच्याकडचा रेफरन्स आणि प्रत्यक्ष वाजलेला आवाज वेगळा, पहिली मागणी फेल. वाटेत जी.७२९ असेल तर तो कोडेक आवाजाची लाट जशीच्या तशी पोचवतच नाही, ऐकायला सारखी वाटेल अशी नवीन बनवतो, दुसरी मागणी फेल. जिटर बफर नेटवर्क बघून लहान-मोठा होत राहतो, म्हणजे फिल्टर जरा शिकला की उशीर २० मिलिसेकंदांनी सरकतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात, तिसरी फेल. आणि समोरच्या मशीनचं घड्याळ तुमचं नाहीच. चारही मागण्या फेल झाल्यावर कितीही चांगला अल्गोरिदम आणा, तो इको तर काढत नाहीच, उलट चुकीचा अंदाज वजा करून नवीन आवाज घालतो.

आता तिथून गेटवेच्या ड्रायव्हरपाशी या. जिटर बफर झाला, डिकोड झालं, हरवलेलं भरून झालं, आता जे सॅम्पल कार्डाकडे चाललेत ते अगदी शेवटचे. परत येणारे सॅम्पल त्याच कार्डातून, त्याच घड्याळावर, अजून कोणी हात न लावलेले. चारही मागण्या पूर्ण. कॅन्सलर तिथे का, तर म्हणून. ही कोणाची आवड किंवा कंपनीची परंपरा नाही, गणिताचीच अट आहे ती.

४. तांब्याच्या लाईनीसाठी: ड्रायव्हरमध्ये

अस्टेरिस्कचं उदाहरण घेतो कारण सोर्स उघडा आहे, तुम्ही स्वतः बघू शकता. झॅपटेल नावाचा जुना ड्रायव्हर होता, २००८ मध्ये त्याचं नाव डाडी झालं. झॅपटेलमध्ये कुठला कॅन्सलर हे कंपाईल करताना हेडर फाईलमध्ये ठरवावं लागायचं, डाडीत ते वेगवेगळे मॉड्यूल झाले आणि सिस्टम डॉट कॉन्फ फाईलमध्ये चॅनेलप्रमाणे निवडता यायला लागले, एमजी२, ऑसलेक वगैरे. ऑसलेक हा डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने स्टीव्ह अंडरवूडच्या कोडवरून उभा केलेला मोकळा कॅन्सलर, त्याचा कोड आणि त्याबद्दलचं लिखाण दोन्ही वाचण्यासारखं आहे. पण जागा बघा: कॅन्सलर कर्नल ड्रायव्हरमध्ये, अस्टेरिस्कच्या कोअरमध्ये नाही. कोअरला माहीतही नसतं आत कुठला अल्गोरिदम चाललाय.

सेटिंग करताना हा क्रम धरा, उलटा करू नका:

आधी लाईन जुळवा. अ‍ॅनालॉग कार्डाच्या मॉड्यूलला ऑपरमोड म्हणून देशाचं नाव देता येतं, त्या यादीत इंडिया आहे, ते द्या. मग एफएक्सओट्यून चालवा, ते त्या विशिष्ट लाईनीशी कार्ड जुळवून घेतं. जेवढा इको इथेच कमी होईल तेवढं कॅन्सलरचं काम सोपं.

मग गेन. आरएक्स गेन (येणारा आवाज किती वाढवायचा) आणि टीएक्स गेन (जाणारा किती) लोक "आवाज कमी येतो" म्हणून वाढवत नेतात आणि सगळ्यात मोठा खड्डा हाच. टीएक्स वाढवला की परत येणाराही वाढतो, आणि जोरात बोललं की क्लिप होतं, म्हणजे लाटेचं टोक कापलं जातं, क्लिप झालं की लिनियर नाही, म्हणजे दुसरी मागणी तुम्ही स्वतःच्या हाताने मोडली. शिवाय बऱ्याच कॅन्सलरमध्ये डबल टॉक (दोघं एकदम बोलणं) ओळखायला असं गृहीत धरलेलं असतं की परत येणारा इको मूळ आवाजाच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ६ डेसिबलने तरी, कमी असणार. गेन वाढवून तुम्ही तेही खोटं पाडता, मग त्याला वाटतं समोरचा माणूस बोलतोय, आणि तो शिकणंच थांबवतो.

त्यानंतर टेल. ८००० हर्ट्झला एक टॅप (फिल्टरचा एका सॅम्पलपुरता आकडा) म्हणजे पाव मिलिसेकंदाचाही निम्मा, ०.१२५. मग १२८ टॅप म्हणजे १६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ३२, १०२४ म्हणजे १२८. चॅन डाडीच्या फाईलमध्ये इकोकॅन्सल समोर नुसतं येस लिहिलं की १२८ टॅप मिळतात. जवळच्या अ‍ॅनालॉग लाईनीला ते बऱ्याचदा पुरतात, पण पुढे एक्स्चेंजमागे लांबचा रस्ता असेल तर नाही. "मग सरळ १०२४ टाकू" असं करू नका. लांब फिल्टर हळू शिकतो आणि प्रोसेसर खातो. हिशोब करून बघा: १०२४ टॅप, सेकंदाला ८००० सॅम्पल, फिल्टर आणि अपडेट मिळून दुप्पट, म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला १ कोटी ६० लाखांच्या वर गुणाकार-बेरजा, आणि ई-वन या डिजिटल लाईनीच्या ३० चॅनेलना ४९ कोटींच्या आसपास. ई-वन कार्डांवर हार्डवेअर कॅन्सलर का लावतात ते यातून कळतं. हार्डवेअरवाला असेल तर तोच वापरा, सॉफ्टवेअरवाला त्याच्यावर चढवू नका.

पीआरआयबद्दल (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाईन) एक प्रश्न नेहमी येतो: लाईन डिजिटल आहे, आपल्याकडे हायब्रिडच नाही, मग कॅन्सलर कशाला? कारण कॉलच्या पलीकडच्या टोकाला कोणाच्या तरी घरी दोन तारा आहेत. टेलिफोन कंपनीच्या हिशोबात लोकल कॉलचा उशीर इतका कमी की तिने तिथे काही बसवलेलं नसतं, आणि तिच्या नेटवर्कपुरतं ते बरोबरच आहे. उशीर वाढवला तुमच्या आयपीने, म्हणून इको काढायची जबाबदारी तुमच्या गेटवेची.

आणि कॅन्सलरचं तोंड कुठल्या दिशेला हे तपासा. गेटवेतला कॅन्सलर पीएसटीएनकडून (नेहमीच्या टेलिफोन नेटवर्ककडून) परत येणारा आवाज काढतो आणि आयपीवरच्या माणसाला त्याचा फायदा होतो. आयपीवरच्या माणसाने लॅपटॉपचा स्पीकर मोठा लावलाय, त्याचा इको या कॅन्सलरला काढता येत नाही, त्याच्यासाठी लॅपटॉपवर वेगळा लागतो. एका कॉलमध्ये दोन कॅन्सलर, दोन टोकांना, पाठीला पाठ लावून. ज्या चित्रात एकच डबा दोन्हीकडचं काम करताना दिसतो ते चित्र चुकीचं आहे.

५. मधल्या सर्व्हरवर: कॅन्सलर नाही, शिस्त

सर्व्हरवर जो "इको" मिळतो तो बहुतेक वेळा मिक्सिंगचा बग असतो. कॉन्फरन्समध्ये प्रत्येकाला सगळ्यांचा आवाज द्यायचा, फक्त त्याचा स्वतःचा वजा करून. हे वजा करायचं राहिलं, किंवा एका फ्रेमने मागचा वजा केला, की प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येतो, एकदम स्वच्छ, खोलीचा वास नसलेला, मूळ आवाजाइतकाच मोठा. ऑडॅसिटीत बघितलं तर मूळ लाट आणि परतची लाट एकावर एक बसतात. असं दिसलं की कॅन्सलरचं नावही काढू नका, कोडमधला बग शोधा. कॅन्सलर लावून बग झाकलात तर पुढच्या माणसाला तो सापडणं दहापट कठीण होतं.

कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना इको येतोय आणि एकालाच येत नाहीये, तर तो एकच माणूस कारण आहे. एकेकाला म्यूट करत जा, लगेच सापडेल.

सर्व्हरने करायची दुसरी गोष्ट म्हणजे उगाच ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणं) टाळणं आणि जिटर बफर एकाच ठिकाणी ठेवणं. यातून उशीर कमी होतो, आणि उशीर कमी झाला की उरलासुरला इको कमी टोचतो.

आयव्हीआर (कॉलला आपोआप उत्तर देणारी यंत्रणा) बनवणाऱ्यांसाठी: स्वतःच्याच प्रॉम्प्टचा आवाज परत येऊन स्पीच रेकग्निशन सुरू होतं आणि प्रॉम्प्ट अर्ध्यात तुटतो, ही तक्रार फार येते. लोक रेकग्निशनचा थ्रेशोल्ड वाढवतात आणि मग हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं ऐकूच येत नाही. गेटवेवरचा कॅन्सलर तपासा, आजार तिथे आहे.

६. सॉफ्टफोन आणि मोबाईल अ‍ॅपसाठी: ऑडिओ लेयरमध्ये

तेच तत्त्व, पण इथे अडचणी जास्त, कारण खोली हलते, माणूस हलतो, व्हॉल्यूम बदलतो.

पहिली गोष्ट, स्वतः लिहू नका. अँड्रॉइडवर व्हॉइस कम्युनिकेशन हा ऑडिओ सोर्स निवडा, आयफोनवर व्हॉइस प्रोसेसिंगवाला ऑडिओ युनिट आणि व्हॉइस चॅट मोड, ब्राउझरमध्ये माईक मागताना इकोकॅन्सलेशन ट्रू ठेवा, लिनक्सवर पल्सऑडिओ किंवा पाईपवायरचं इको कॅन्सल मॉड्यूल. प्लॅटफॉर्मला स्पीकरपर्यंत नेमकं काय गेलं ते माहीत असतं, तुमच्या अ‍ॅपला माहीत असेलच असं नाही. कॉल चालू असताना दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गाणं वाजतंय, ते तुमच्या रेफरन्समध्ये कुठून येणार?

प्लॅटफॉर्मचा चांगला नसेल तर वेबआरटीसीचा ऑडिओ प्रोसेसिंग मॉड्यूल किंवा स्पीएक्स डीएसपी घ्या. तेव्हा मात्र हे सांभाळा:

रेफरन्स अगदी शेवटी घ्या. डिकोड, पॅकेट लॉस भरणं, मिक्सिंग, व्हॉल्यूम, रिंगटोन, सगळं झाल्यावर साउंड कार्डाकडे जाण्याच्या क्षणी. बरेच जण नेटवर्कवरून डिकोड झालेला आवाज लगेच रेफरन्स म्हणून देतात, कारण कोडमध्ये तो तिथे सहज हाताला लागतो, आणि पुढचे बफर विसरतात.

माईककडून येताना कॅन्सलर सर्वात आधी. त्यानंतर नॉइज सप्रेशन, मग ऑटो गेन, मग व्हीएडी (कोणी बोलतंय का ते ओळखणं), मग एन्कोडर. ऑटो गेन आधी लावलात तर इकोची वाट दर क्षणी बदलते आणि फिल्टर तिच्या मागे पळत राहतो. नॉइज सप्रेशन लिनियर नसतं, म्हणून तेही आधी नको.

प्लॅटफॉर्मचा आणि तुमचा, असे दोन कॅन्सलर एकाच माईकवर लावू नका. पहिल्याने कापाकापी केलेला आवाज दुसऱ्याला कळत नाही आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

घड्याळाचा मुद्दा इथे सर्वात जास्त चावतो. यूएसबी माईक वेगळा, स्पीकर लॅपटॉपचा, दोघांचे क्रिस्टल वेगळे. फरक फक्त ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) धरा, ४८,००० हर्ट्झला सेकंदाला २.४ सॅम्पल, मिनिटाला १४४ सॅम्पल, म्हणजे ३ मिलिसेकंद सरकले. पहिल्या मिनिटात मस्त आणि मग हळूहळू इको वाढत जातो अशी तक्रार आली की आधी इथेच बघा. उपाय म्हणजे एकच डिव्हाइस वापरणं किंवा ड्रिफ्ट मोजून रीसॅम्पल करणं.

टेल किती? स्पीएक्सच्या मॅन्युअलचा सल्ला असा की खोलीच्या रिव्हर्ब टाईमच्या (आवाज घुमून विरायला लागणारा वेळ) साधारण एक तृतीयांश, लहान खोलीत तो ३०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो म्हणून १०० चा टेल पुरतो. १६,००० हर्ट्झला ते १६०० टॅप झाले. उघड्या फरशीच्या, पडदे नसलेल्या मीटिंग रूममध्ये जास्त लागेल.

७. कोडमध्ये इंटरफेस कसा ठेवायचा

कॅन्सलर कॉलचा भाग करू नका, चॅनेलचा किंवा पोर्टचा करा. कॉल ट्रान्सफर होतो, होल्डवर जातो, कॉन्फरन्समध्ये जातो, पण लाईन तीच राहते आणि फिल्टरने शिकलेलं त्या लाईनीबद्दलचं असतं. कॉल ऑब्जेक्टमध्ये ठेवलात तर प्रत्येक ट्रान्सफरला ते फेकून देऊन पुन्हा शिकावं लागतं, आणि कस्टमर म्हणतो ट्रान्सफर केलं की दोन सेकंद इको येतो.

कोअरकडून खाली जाणारे निरोप मोजकेच: चालू, बंद, टेल किती, आणि "हा कॉल तांब्यावरून तांब्यावरच जोडलाय, उशीर नाही, गरज नाही" (डाडीत यासाठी इकोकॅन्सल व्हेन ब्रिज्ड असा पर्याय आहे). खालून वर येणारे आकडे दोन: लाईन स्वतःच इको किती कमी करते तो ईआरएल, आणि कॅन्सलर त्यात अजून किती कमी करतो तो ईआरएलई. हे दोन आकडे कॉलच्या रेकॉर्डमध्ये जायला लागले की "इको येतोय" या तक्रारीला उत्तर द्यायला रेकॉर्डिंग ऐकायची गरज उरत नाही.

८. तपासणी

साईन टोन वाजवून टेस्ट करू नका. एकाच फ्रिक्वेन्सीवर फिल्टर तेवढंच शिकतो आणि निकाल खोटा सुंदर येतो. बोलण्याचं रेकॉर्डिंग वापरा, स्त्री-पुरुष दोन्ही आवाज.

आधी फक्त समोरचा बोलतोय अशी टेस्ट, इको किती लवकर जातो ते बघा. मग फक्त आपण, आपला आवाज कापला जात नाही ना. मग दोघं एकदम, आणि हीच खरी परीक्षा, कारण आपल्याकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतातच, आणि वाईट कॅन्सलर इथे एक तर फिल्टर बिघडवून घेतो नाहीतर एकाचा आवाज गिळतो. प्रत्येक टेस्टला कॅन्सलरच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आवाज रेकॉर्ड करा, नुसता नंतरचा ऐकून काहीच ठरवता येत नाही. मधेच स्पीकरचा व्हॉल्यूम बदलून किंवा लॅपटॉपची स्क्रीन हलवून बघा, पुन्हा शिकायला किती वेळ घेतो ते कळेल.

शेवटी फॅक्स. बँका, वकील, हॉस्पिटल अशा ठिकाणी तो अजून निघतो. फॅक्स मशीन उत्तर देताना २१०० हर्ट्झचा टोन पाठवतं. मोडेम आणि वेगवान फॅक्स त्या टोनमध्ये दर ४५० मिलिसेकंदांनी फेज उलटी करतात, आणि ती उलटी फेज म्हणजे कॅन्सलरला बंद हो असा इशारा, कारण मोडेम स्वतःचा इको स्वतः काढतो आणि मधला कॅन्सलर त्याचं काम बिघडवतो. हा टोन ओळखणं ड्रायव्हरमध्येच असलं पाहिजे, कोअरपर्यंत खबर जाऊन परत येईपर्यंत उशीर होतो. रिलीज करण्याआधी एक खरं फॅक्स मशीन लाईनीवर लावून पाच-सहा पानं पाठवून बघा, एक पान जातं आणि पुढची अडकतात असं झालं तर टोन डिटेक्टरपासून शोधायला सुरुवात करा.